मे महिन्यातली राजधानी

माझ्या मैत्रिणीनं ५२व्या वर्षी गाडी शिकायला घेतली. नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाडी महिनाभर दारात उभी राहिली, काचेवरच्या धुळीत गल्लीतल्या पोट्ट्यांनी बोटानं आपापली नावं लिहिली, आणि एक दिवस ही उठली आणि ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरून आली. यथावकाश लायसन्सही आलं. पण लायसन्स आलं म्हणजे गाडी आली असं थोडंच असतं! समोर गर्दी दिसली की हिचा पाय क्लचवरून हलायला तयार नाही. मग तिनं स्वतःच तोड काढली, ती म्हणजे नागपूरचा उन्हाळा.

"बारा ते चार रस्त्यावर कोण राहते सांग? कुत्रंसुद्धा कोणाच्या तरी गाडीखाली झोपून राहते. तेव्हाच शिकायचं. तू फक्त बाजूला बस आणि ओरडू नको."

तिचं नाव इथे लिहीत नाही. ती हे वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावर फोन करून 'गाडी सहा वेळा नाही, चारच वेळा बंद पडली' असं भांडणार आहे. म्हणून मी त्या दिवशी मोजत होते.

दिवस ठरला १ मेचा. सुट्टी होती हे एक, आणि दुसरं म्हणजे सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे. तुमच्या-आमच्यासाठी तो उघडतो वर्षातून तीन दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. दोघींचा जन्म नागपूरचा, शाळा बर्डीवरची, आणि एकीनंही किल्ला आतून पाहिलेला नव्हता. त्याच टेकडीच्या एका अंगाला गणपतीच्या पाया पडायला आम्ही शेकडो वेळा गेलो असू. माथ्यावर काय आहे हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

सकाळी साडेसातला पोह्यांवर तर्री ओतून घेतली. उन्हाळ्यात तर्री खाऊ नये असं नागपुरात सगळे एकमेकांना सांगतात, तेही तर्री खाता खाता. मग डोक्याला दुपट्टे गुंडाळले, पर्समध्ये एकेक कांदा टाकला (आईनं लावलेली सवय, तिच्यामागे विज्ञान शोधायला मी जात नाही) आणि निघालो. कस्तुरचंद पार्कवर झेंडावंदनाची परेड चालली होती, बँडचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. अलीकडे संविधान चौकात काळ्या फिती लावलेले विदर्भवादी घोषणा देत होते. १ मे आपल्याकडे असाच असतो. कुणाचा महाराष्ट्र दिन, कुणाचा काळा दिवस, आणि या दोन्हींच्या मधून आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये. पोलिसानं हात दाखवला, ती थांबली, गाडीही थांबली. कायमची थांबल्यासारखी. एक.

गाडी खाली लावून किल्ला चढलो. (लावताना दोन.) इथे जी लढाई झाली ती शाळेत आम्ही दोन ओळींत संपवली होती. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज या टेकड्यांवरच्या इंग्रजांवर चालून गेली. माणसं भोसल्यांकडे जास्त होती, टेकड्या इंग्रजांकडे. उन्हात तो चढ चढताना, मधेच गुडघ्यावर हात ठेवून उभं राहिल्यावर, उंचावर बसलेला शत्रू म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं. पुस्तकात चढ नसतो.

वरून शहर बघताना मैत्रीण बराच वेळ गप्प होती. ती गप्प असली की मला काळजी वाटते. मग म्हणाली, "दोन शहरं आहेत ना गं ही." खरंच होती. रेल्वेच्या रुळांनी मधोमध शिवण घातलेली. पूर्वेला महाल, इतवारी, छपराला छप्पर लागलेलं, गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या. पश्चिमेला नुसती झाडं आणि झाडांतून डोकावणारी एखादी लाल-पिवळी इमारत. पूर्वेकडची राजधानी आधी गोंडांची, मग भोसल्यांची. देवगडच्या बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शहर वसवलं, पुढे रघुजी भोसले आले. पश्चिमेकडची राजधानी इंग्रजांची. तिसरे रघुजी १८५३ साली वारस न ठेवता गेले, राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि साहेबांनी टेकडीच्या या अंगाला, जुन्या शहराच्या वासापासून दूर, रुंद रस्ते आखून सिव्हिल लाइन्स वसवली. झाडं मात्र मन लावून लावली. त्याबद्दल मी त्यांना बाकी बरंच काही माफ करते. मे महिन्यात तरी करते.

झिरो माईलला उतरायचं नव्हतंच, पण गाडी तिथे तिसऱ्यांदा बंद पडली, मग उतरलो. चार घोडे आणि मधला खांब. हा भारताचा मध्यबिंदू, असं आम्हाला शाळेत छातीठोकपणे सांगितलं होतं आणि आम्ही ते पाहुण्यांना सांगत आलो. खरं म्हणजे इथला दगड हा १९०७ सालचा, सर्वेक्षणवाल्यांचा, समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवायचा. १०२०.१७१ फूट. शेवटचा तो एक हजारांश फूट मोजणाऱ्या माणसाचा मला फार आदर वाटतो. खांबाच्या पायाशी मैलांची अंतरं कोरलेली आहेत. जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, रायपूर, चांदा, हैदराबाद.

"मुंबई कुठे आहे?" मैत्रिणीनं चक्कर मारत विचारलं.

मुंबई नाहीच. कशाला असेल? हा दगड बसला तेव्हा या शहराचं तोंड उत्तरेला होतं. सातपुडा उतरून माणसं इथे कोर्टकचेरीला यायची, कॉलेजला यायची. मुंबई ही कापसाच्या गाठी जायची ती जागा.

मैत्रिणीचे आजोबा सचिवालयात दफ्तरी होते, तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५५ मध्ये फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूला राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली. आजोबा म्हणायचे, राजधानी जाते म्हणजे काय होते? सुतळी संपते. फायली बांधता बांधता बाजारातली सुतळी संपली होती म्हणे. सोबतचे कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला. आजोबा राहिले, कारण आजीनं गाय विकायला साफ नकार दिला. इतिहासात याची नोंद नाही, पण त्यांच्या घरात आजही कोणत्याही मोठ्या निर्णयाच्या वेळी 'गाईचं काय?' असं विचारतात.

आम्हाला राहिला तो करार. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, ज्यात सरकारनं वर्षातून काही काळ नागपूरला यायचं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं होतं. म्हणून दर डिसेंबरात राजधानी माहेरपणाला यावी तशी येते. रस्ते चकचकीत होतात, दुभाजकांना काळा-पिवळा रंग लागतो. आम्ही लहान असताना कॅलेंडर न बघता सांगायचो, रंगाचा वास आला, अधिवेशन आलं. २०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, तेव्हा तो वास आला नाही आणि डिसेंबर नुसताच थंड गेला.

"आपलं सगळंच उप," मैत्रीण म्हणाली. "उपराजधानी. कोर्ट तेही खंडपीठ." मी म्हटलं उपमा, उपवास. ती म्हणाली, उपमा कायले मधे आणतेस, पोहे खाल्ले ना आत्ता.

पण कोर्टाचं म्हणणं तिचं खरं होतं. १९३६ मध्ये नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं, १९४० मध्ये त्याची घुमटाची इमारत उभी राहिली, आणि पुढच्या सोळा वर्षांत तिच्यातलं हायकोर्ट जाऊन खंडपीठ उरलं. इमारत तेवढीच भव्य आहे. मोठ्या भावाचा कोट धाकट्यानं घालावा तशी जरा सैल होते, इतकंच.

झिरो माईलच्या जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं, अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून गोवारींचा मोर्चा आला होता. चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. मैत्रिणीचे बाबा बांधकाम खात्यात वायरमन, अधिवेशनाच्या ड्युटीवर होते. त्या रात्री घरी आले ते जेवले नाहीत, आणि नंतर कधीही, कुणीही विषय काढला तरी, त्याबद्दल बोलले नाहीत. स्मारकावरून जाताना तिनं गाडी थांबवली नाही. हॉर्नवर सतत ठेवलेला हात तेवढा काढून घेतला. पुढे विधानभवन. फाटक बंद, आत कुणी नाही, फाटकातून दिसणाऱ्या हिरवळीवर पाण्याचा पाइप आपापला वाहत पडलेला.

अकराला तिच्या घरी. पन्हं, कढीगोळे, भात. नागपूरच्या घरात मे महिन्यात जेवणानंतर काय करायचं याबद्दल दुमत नसतं. कूलरच्या टाकीत बादल्या ओतल्या, खिडकीला पडदा ओढला, आणि दोघी फरशीवर आडव्या झालो. फोनवर ४४ अंश दिसत होते. २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बोंब झाली होती. मग सेन्सरच बिघडलाय असं हवामान खात्यानं सांगितलं. मैत्रिणीला ते अजून मान्य नाही. तिच्या मते सेन्सर तेवढा खरं बोलला आणि बाकीचे घाबरले.

आडवं पडल्या पडल्या तिनं तो बंगला काढला. तो ती काढणार हे मला सकाळपासून माहीत होतं.

आम्ही नऊ-दहा वर्षांच्या असताना, मे महिन्यात तिचे बाबा सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यांची वायरिंग बघायला जायचे. मंत्री डिसेंबरात येऊन गेलेले. उरलेलं वर्ष बंगले रिकामे, आणि चाव्यांचा जुडगा बाबांकडे. सायकलच्या दांड्यावर एक आणि कॅरिअरवर एक, असं ते आम्हाला दोघींना न्यायचे. फ्यूज, पंखे, गिझर बघून होईपर्यंत आम्ही आतल्या मोठ्या खोलीत. काय गार होती ती फरशी! उंच छत, जाड भिंती, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत असायचं आणि आत आम्ही दोघी फ्रॉक वर करून पोट फरशीला लावून पडलेल्या. डबा तिथेच खायचा. पोळी आणि कैरीचा तक्कू. एकदा तिनं मंत्र्याच्या टेबलामागच्या खुर्चीत बसून मला 'कोण आहे रे तिकडे' अशी हाक मारली होती, आणि बाबांनी दोघींना अर्धा तास बाहेर चिंचेखाली उभं केलं होतं. खुर्चीत बसायचं नाही, हा एकच नियम होता. फरशीवर काहीही करा.

कुणाला डिसेंबरातली राजधानी मिळाली. आम्हाला मे महिन्यातली मिळाली होती. लाल दिवा नाही, पोलीस नाही, फक्त सावली आणि फरशी. मला ती तेव्हाही जास्त चांगली वाटायची.

"शोधू ना तो बंगला," ती उठून बसत म्हणाली. "अडीच वाजले. रस्ते रिकामेच राहतील."

वाटेत दीक्षाभूमी लागते. मी म्हटलं थांब. स्तूपाच्या आवारात तेव्हा मोजून दहा-बारा माणसं, बोधिवृक्षाखाली एक म्हातारी पदरानं वारा घेत बसलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तारखा शेजारी ठेवल्या की कळतं, त्यानंतर अडीच आठवड्यांनी नागपूरची राजधानी गेली. महिनाभरात शहरातून काय निघून गेलं आणि शहरात काय आलं! दर अशोक विजयादशमीला इथे लाखो माणसं येतात. डोक्यावर पिशवी, हाताला पोर धरून, रेल्वेच्या जनरल डब्यातून. त्यांनी यावं असं कुठल्या करारात लिहिलेलं नाही. हे मी मैत्रिणीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "अन् त्यांच्यासाठी दुभाजक रंगवायची गरज पडत नाही." मग गाडी सुरू करताना चार.

पुढे तिच्या शास्त्रातली चूक उघडी पडली. रस्ते रिकामे होते हे खरं, पण उन्हात कुणाला उभं राहावं लागू नये म्हणून दुपारी काही चौकांतले सिग्नलच बंद ठेवतात. बाकी चौकांत हिरव्या जाळीचे मांडव घातलेले असतात, त्यांच्या सावलीत स्कूटरवाले कोंबड्यांसारखे दाटीनं उभे. बंद सिग्नलच्या चौकात आम्ही पोहोचलो तेव्हा चारही बाजूंनी मिळून एक रिक्षा, एक टरबुजांचा हातठेला आणि आम्ही. रिक्षावाल्यानं हात करून 'तुम्ही जा' म्हटलं. हिनं हात करून 'तुम्ही जा' म्हटलं. ठेलेवाला शांतपणे मधून निघून गेला. पाच.

"उड्डाणपुलावर जाऊ? तिथे चौकच नाही," मी सुचवलं.

"अजिबात नाही. तिथे मागे फिरता येत नाही."

सिव्हिल लाइन्समध्ये शिरलो आणि ऊन एकदम दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखं वाटलं. कडुनिंबांची कमान, मधेच बहाव्याची पिवळी झुंबरं, गुलमोहर पेटलेला. रस्त्यावर एक माणूस नाही. रामगिरी, देवगिरी गेलं, रवी भवन गेलं. नावाच्या पाट्या असलेले बंगले आमचे नव्हते. आमच्या बंगल्याला नाव नव्हतं, निदान आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. खूण एकच, फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला चिंच. तासभर आम्ही त्याच चार गल्ल्यांतून दुसऱ्या गिअरमध्ये फिरलो. तिला म्हणायचं होतं फाटक हिरवं होतं. मला आठवत होतं पांढरं. चाळीस वर्षांत दर डिसेंबरला रंग लागलेल्या फाटकाबद्दल आम्ही भांडत होतो, हे दोघींच्याही लक्षात यायला वेळ लागला.

शेवटी एक चिंच दिसली. डाव्या हाताला. फाटक अर्धं उघडं होतं, तिनं गाडीचं नाक आत घातलं आणि सावलीत उभी केली. आतून चौकीदार आला. भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर ओला गमछा.

"कोणाकडे जायचं आहे ताई?"

आता काय सांगणार? ती म्हणाली, "पाणी मिळेल का भाऊ?"

त्यानं माठातलं पाणी आणून दिलं, लोटा भरून. मग तिनं सगळं सांगितलं. बाबा, चाव्या, सायकल, फरशी. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ताई, चिंच इथं चार बंगल्यांत आहे." आणि मग थोडं थांबून, "आतमध्ये नाही सोडता येणार. ओट्यावर बसा पाहिजे तर."

व्हरांड्याच्या ओट्यावर बसलो. समोर पाचोळा. एक खारूताई. मैत्रिणीनं चपला काढल्या आणि तळपाय व्हरांड्याच्या फरशीवर ठेवले. डोळे मिटून, मोतीबिंदूच्या डॉक्टरनं नवऱ्याचे डोळे तपासले असतील तेवढ्या गंभीरपणे, ती फरशी तपासत राहिली.

"हा नाही," ती म्हणाली. "ती जास्त गार होती."

"तेव्हा आपण अनवाणी यायचो. सायकलवर, ऊन खात. गार लागणारच."

"नाही. हा नाहीच."

मला तो तोच वाटत होता. अजून वाटतो. चौकीदारानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि लोटा उचलून नेला.

निघताना गाडी मागे घ्यायची होती. दोन दगडी खांबांमधून, उलटी, आणि ही त्या दिवशी पहिल्यांदाच रिव्हर्स टाकणार होती. चौकीदार बाहेर जाऊन उभा राहिला, गमछा हलवत "येऊ द्या, येऊ द्या, थोडं इकडे, बस बस, येऊ द्या" करत. मी मोजायला बोट तयार ठेवलं होतं. गाडी इंच इंच मागे सरकली, खांब दोन्ही बाजूंनी निघून गेले, एकालाही धक्का नाही. फाटकाबाहेर, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, तिनं ब्रेक लावला, माझ्याकडे वळून विजयी मुद्रेनं पाहिलं, आणि त्या आनंदात क्लच सोडला.

सहा.